ठासणीच्या बंदुकीत नेम भरतानाच लागतो

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की आजोबांची ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरायची, केपाची बंदूक (केप म्हणजे घोडा पडला की फुटून दारू पेटवणारी छोटी टोपी) आता रीतसर तुझ्या नावच्या लायसनवर आलीय, रेंजवर परवानगी काढून २५ मीटरवर कागदावर मारतोस, पहिले तीन-चार बार काळ्यात नाहीतर काळ्याच्या कडेला बसतात आणि त्यानंतर गोळ्या कागदभर पांगतात, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. एअर रायफलला ६० शॉट मारूनही असं होत नाही मग इथेच का? आणि शेवटी विचारलंयस की कॉन्सन्ट्रेशन वाढवायला त्राटक करू का.

त्राटक कर, नुकसान काहीच नाही. पण तुझं लक्ष कमी पडतंय असं मला वाटत नाही. एअर रायफलला पेलेट घातली, लिव्हर ओढला की झालं, कारखान्याने बाकीचं सगळं तुझ्यासाठी सारखं करून ठेवलेलं असतं. ठासणीच्या बंदुकीत तो कारखाना तूच आहेस, प्रत्येक बाराला काडतूस तू नळीच्या आत तयार करतोयस, आणि चौथ्या-पाचव्या बाराला तुझं ते काडतूस बदलतंय. गोळी आधी पांगते, लक्ष नंतर उडतं. तू उलटं समजून बसलायस, म्हणून उपायही उलटीकडून शोधतोयस.

मी हे कुठून सांगतोय ते आधी सांगतो. मी नाशिकला सातपूरमध्ये टूलरूममध्ये इन्स्पेक्शनला होतो, कंपनीने काही वर्षं जर्मनीला पाठवलं आणि तिथे क्लबमध्ये मी ठासणीच्या रायफलला लागलो. तिथे काळी दारू स्वतः भरायची तर वेगळा कोर्स आणि वेगळा परवाना लागतो, तो काढला, ०.४५ इंची केपाची रायफल घेतली आणि पहिलं वर्षभर मी जे मारलं ते तुझ्यासारखंच, चार आत तीन बाहेर. मग टूलरूमची सवय म्हणून एक वही घातली. दर बाराला किती वाजता भरायला घेतलं, किती वाजता बार काढला, मध्ये काय झालं आणि गोळी कुठे गेली. दोन महिन्यांनी ती वही घेऊन बसलो तेव्हा जे बार भलतीकडे गेले होते त्यातल्या बहुतेकांच्या आधी काहीतरी घडलेलं होतं. कोणीतरी बोलायला आलं, मी नळी पुसायची विसरलो, गज, म्हणजे गोळी ठासायची कांडी, अडला म्हणून जोर लावला, नाहीतर भरून झाल्यावर उगाच पाच मिनिटं थांबलो. नेम धरताना काय चुकलं हे शोधत मी वर्ष घालवलं होतं आणि चूक त्याच्या दोन मिनिटं आधी होत होती.

आता तुझ्या चौथ्या बाराचं बघू. काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याच्या आसपास भागच वायू होतो, बाकी घन राहतो, तो थोडा धुरातून जातो आणि बराचसा नळीत कीट म्हणून बसतो. हे कीट हवेतलं पाणी ओढतं. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकला हवा ओली असते तेव्हा ते मऊ, चिकट राहतं आणि गोळी त्यावरून सरकते. आणि तू लिहिलंयस की तू एप्रिलपासून मारतोयस, सकाळी अकराच्या पुढे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दुपारची हवा इतकी कोरडी असते की कीट तव्याला करपलेल्या धिरड्यासारखं घट्ट धरतं. तिसऱ्या बारानंतर गज जड जायला लागला असेल, बरोबर? चौथ्याला तू अंगाचा भार टाकून ठासतोस, गोळी कधी पूर्ण तळाला जाते कधी केसभर वर राहते, दारू कधी जास्त दाबली जाते कधी कमी, दाबाप्रमाणे वेग बदलतो आणि गोळी वर-खाली जायला लागते. शिवाय त्या ओढाताणीने हात थरथरतात, छाती धडधडते आणि त्याच अवस्थेत तू लगेच खांद्याला लावतोस. त्राटकाने यातलं काय सुधारणार सांग.

म्हणून पहिली गोष्ट, दर बारानंतर नळी पुसायची. दर बार म्हणजे दर बार, गज जड लागायची वाट बघायची नाही. एक ओलसर पॅच, म्हणजे कापडाचा तुकडा, ओला पिळपिळीत नको, एकदाच खाली एकदाच वर, मग एक कोरडा तसाच. घासत बसायचं नाही. आपल्याला नळी स्वच्छ करायची नाहीये, प्रत्येक बाराला सारखीच अस्वच्छ ठेवायचीय. ही ओळ मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलीय. अगदी चकचकीत धुतलेल्या नळीतून जाणारी पहिली गोळी पण वेगळीच जाते, तो बार मोजायचा नाही, कीट बसवायला म्हणून काढायचा. पॅच फार ओला असेल तर पाणी खाली तळाशी जाऊन केप जिच्यावर बसते त्या भोकाच्या बोंडीच्या, म्हणजे निपलच्या, वाटेत साठतं आणि मग नुसती केप फुटते, बार निघत नाही. पॅच दोन बोटात दाबून बघ, बोट ओलं व्हावं पण थेंब पडू नये.

दुसरं, दारू. रेंजवर शिंगातून नाहीतर डब्यातून थेट नळीत दारू ओतत असशील तर आजपासून बंद. आधीच्या बाराची ठिणगी नळीत जिवंत असली तर ओतता ओतता पेटते आणि आग डब्यापर्यंत चढते. ठासणीच्या बंदुकीच्या नेमबाजीची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९७१ ची एमएलएआयसी, तिच्या स्पर्धांमध्येही थेट डब्यातून भरायला परवानगी नाही, एकेका बाराची मोजलेली दारू छोट्या नळ्यांमध्ये घरून भरून आणायची असते. मला विचारशील तर हा नियम सुरक्षेसाठी असला तरी अर्धी अचूकता त्यातूनच येते, कारण मोजायचं काम घरी शांतपणे होतं, रेंजवर फक्त रिकामं करायचं. माप एकच वापर, मापात दारू टाकल्यावर प्रत्येक वेळी सारख्याच टिचक्या मार, वरून सपाट कर. किती दारू, हे मी तुला सांगणार नाही. माझ्या ०.४५ च्या रायफलला ५० मीटरला ३५ ग्रेन म्हणजे साधारण सव्वादोन ग्रॅम जाते, पण ती नवी, प्रूफ टेस्ट होऊन शिक्का मारलेली नळी आहे आणि तुझी आजोबांची आहे. तिचा बोअर वेगळा, वय वेगळं. आधी लायसनधारक गनस्मिथकडून नळी, निपल आणि घोडा तपासून घे, त्याने मारायला योग्य म्हटलं तरच पुढे जा, आणि मग कमीत कमी मापापासून सुरू कर. टार्गेटला दणका लागतच नाही, कागद फाटला की झालं. कमी दारूला कीट कमी, धक्का कमी, दचकणं कमी. आणि हे ठळक करून सांगतो, दारू लायसनवर दुकानातून मिळते तीच काळी दारू. घरी बनवलेली नाही, फटाक्यातली नाही, आणि काडतुसातली बिनधुराची तर अजिबातच नाही, तिने नळी फुटते, हात जातात. आपल्या पेठ-सुरगाण्याच्या पट्ट्यात जुन्या बंदुका घरोघरी होत्या तेव्हाचे असे किस्से गावातले म्हातारे अजून सांगतात, ते ऐकून घे.

गोळी आणि कापड. तू लिहिलंयस १२ बोअर आहे. १२ बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या १२ गोळ्यांचं वजन मिळून एक पौंड, हिशेबाने व्यास १८.५ मिलिमीटर. पण आपल्याकडच्या जुन्या ठासणीच्या नळ्या त्या मापात नेमक्या बसतीलच असं नाही, तेव्हा कागदावरच्या आकड्यावर न जाता व्हर्नियरने नळीचं तोंड मोजून घे. गोळी त्याहून थोडी लहान, आणि उरलेली फट कापडाने भरायची. कापडासाठी फार शोधाशोध करू नको, मेन रोडला गादीच्या खोळीचं ते निळ्या पट्ट्यांचं घट्ट विणीचं कापड मिळतं ना, तेच. शंभर टक्के सुती बघून घे, टेरिकॉट मिसळलेलं असेल तर नळीत वितळतं. दोन-तीनदा धुऊन त्यातली खळ काढ, मग मायक्रोमीटरने जाडी मोज, ०.४ मिलिमीटरच्या आसपास असेल. एकदा जमलं की त्याच ताग्यातलं पाच मीटर घेऊन ठेव, कारण पुढच्या वेळी दुकानदार तेच म्हणून वेगळ्या विणीचं देतो आणि तू महिनाभर स्वतःचा नेम बिघडला म्हणून झुरतोस. हे माझ्याच बाबतीत घडलंय.

गोळीभोवतीच्या या कापडाला, म्हणजे गोळीच्या पॅचला, तेल काय लावायचं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी खोबरेल तेल आणि मधमाशांचं मेण एकत्र वितळवून वापरतो, पण त्याला ऋतू कळतो. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठला, निफाडकडे पारा पाच-सहावर उतरलेला असतो त्या दिवसांत, तुझा पॅच पापडासारखा कडक होणार आणि मे मध्ये तोच ठिबकणार. म्हणून थंडीत मेण जवळपास बंद करून एरंडेल थोडं मिसळायचं, उन्हाळ्यात मेण वाढवायचं. कोणतंही घे, पण सगळ्या पॅचना सारखं लागलं पाहिजे, आदल्या रात्री डबीत रचून ठेवले की ते आपोआप होतं. आणि बार निघाल्यावर पुढे जमिनीवर पडलेले पॅच, रेंज बंद झाल्यावर, उचलून आण. तेच तुझे रिपोर्ट आहेत. मधोमध काळा गोल आणि कडा शाबूत असतील तर सगळं ठीक. मध्ये जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे नाहीतर तेल कमी, कडेला ब्लेडने कापल्यासारखं असेल तर नळीच्या तोंडाशी धार आहे, ती गनस्मिथने मारून द्यायची, आपण कानस घेऊन बसायचं नाही.

गोळ्या ओतत असशील तर शुद्ध मऊ शिसं घे, टायरच्या वजनांचं कडक शिसं नको. मोकळ्या हवेत ओत, साच्यात पाण्याचा थेंब नको, नंतर हात साबणाने धू. मग प्रत्येक गोळी काट्यावर ठेव. जी इतरांपेक्षा हलकी भरते तिच्या पोटात पोकळी आहे, ती परत वितळवायची. मी शंभर ओतल्या तर वीसेक परत जातात आणि मला त्याचं काही वाटत नाही. ओतताना देठ कापल्याची जी सपाट खूण राहते ती भरताना नेहमी वर, मध्यावर.

आता ठासणं, कारण शब्दच ठासणीची बंदूक आहे आणि याच कामात लोक सगळ्यात कमी लक्ष घालतात. गज आपटायचा नाही. सिनेमात गज वर उडेपर्यंत ठोकतात, त्याने मऊ शिशाची गोळी चपटी होते. गोळी एका ओढीत सलग खाली न्यायची, दारूवर टेकली की एकदा सारखा दाब द्यायचा आणि सोडायचं. सारखा दाब म्हणजे किती, हे हाताला शिकवायला घरी रिकाम्या बंदुकीचा दस्ता वजनकाट्यावर ठेव, गज आत टेकवून दाब, आणि काटा बघ. मी १५ किलोवर थांबतो. रोज दहा वेळा बघून दाब, मग दहा वेळा डोळे मिटून दाब आणि नंतर काटा बघ. पंधरवड्यात हात इतका बसतो की एका किलोचा फरक कळतो. आणि गजावर दोन खुणा कर, एक रिकाम्या नळीची, एक बरोबर भरलेल्या बाराची, नळीच्या तोंडाशी जिथे येते तिथे. प्रत्येक बाराला ती खूण बघितल्याशिवाय केप लावायची नाही. गोळी दारूपासून वर राहिली आणि मध्ये हवा राहिली तर नळी फुगते, फाटते सुद्धा.

त्या खुणेने मला एकदा वाचवलंय. नाशिकला परत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात, मी दारू ओतली, गोळी बसवली आणि तेवढ्यात एक ओळखीचे काका गप्पा मारायला आले. पाच मिनिटं बोललो, ते गेले, आणि मी परत पहिल्यापासून भरायला घेतलं. दारू, कापड, गोळी, सगळं दुसऱ्यांदा. गज घातला तर खूण नळीच्या तोंडापासून चार बोटं वर. अंगावर काटा आला. केप लावलेली नव्हती, बंदूक टार्गेटच्या दिशेनेच ठेवली, रेंज ऑफिसरला बोलावलं, आणि गोळी ओढायच्या स्क्रूने दोन्ही गोळ्या काढून दारू ओतून टाकली. तेव्हापासून माझ्या टेबलावर दारूच्या नळ्यांचा लाकडी स्टँड आहे, भरलेली नळी सरळ उभी, ओतून झालेली उलटी. कोणी बोलवलं तर मी हात वर करतो, उत्तर देत नाही, लोकांना ते उद्धट वाटतं पण दोन वेळा समजावलं की कळतं. भरताना मोबाइल गाडीत. कानात इअरप्लग आणि वर मफ, डोळ्यांवर गॉगल, केपचे तुकडे उडतात.

यातून तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो, लक्ष. लोकांना वाटतं लक्ष म्हणजे तासभर टार्गेटकडे डोळे वटारून बघणं. तासभर कोणाचंच टिकत नाही. त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये ३० मिनिटांत १३ बार काढायचे असतात आणि त्यातले चांगले १० धरतात, म्हणजे एका बाराला दोन मिनिटं अठरा सेकंद. त्यातली पोटतिडकीच्या लक्षाची गरज किती? नेम धरल्यापासून धूर विरेपर्यंतचे दहा-बारा सेकंद. बाकीच्या दोन मिनिटांत मेंदूला आराम पाहिजे, पण मोकळा सोडलेला आराम नको, हाताच्या कामाला बांधलेला. म्हणून भरण्याचा क्रम एकच ठेवायचा आणि टेबलावरच्या वस्तू त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायच्या. मी मनात शब्द म्हणतो, पुसणं, दारू, कापड, गोळी, खूण, केप. आई वातीला तूप लावून देवापुढे दिवा लावते तेव्हा तिला पुढे काय हे आठवावं लागत नाही ना, हात जातो तसाच. तसं झालं की भरण्यातच श्वास खाली बसतो, आणि मागचा बार आठवत बसायला जागाच उरत नाही. मागचा नऊला गेला की दहाला, ते बघायलाही मी दुर्बीण दर बाराला लावत नाही, पाच बारांनंतर लावतो. दर बाराला बघितलं की माणूस प्रत्येक गोळीच्या मागे धावतो, एक डावीकडे गेली की पुढची उजवीकडे ढकलतो. पाचांचा गठ्ठा कुठे बसला ते बघ आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, कापड बदललंस तर दारू तीच ठेव.

नेमबाज स्वप्नील कुसाळेने नाशिकमध्ये सराव केलाय हे तुला माहीतच असेल, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने) ४५१.४ गुणांवर ब्राँझ. त्या फायनलचा उभ्याने मारायचा भाग परत बघ, पण शॉट बघू नको, दोन शॉटच्या मधला वेळ बघ. रायफल खाली कशी येते, परत कशी वर जाते. मी माझ्याकडच्या पोरांना तेवढंच बघायला सांगतो.

खांद्याला लावल्यावरचं तुला एअर रायफलमुळे बरंच येतंय, तेव्हा फरक तेवढे सांगतो. पाय रोवले की डोळे मिट, दोन श्वास घे, उघड, माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा, टार्गेटच्या डावीकडे दिसली तर हाताने ओढू नको, मागचा पाय सरकव. तुझ्या बंदुकीला पुढे फक्त माशी आहे, मागे खाच नाही, म्हणजे तुझा डोळाच मागची खाच आहे. गाल दस्त्यावर प्रत्येक वेळी त्याच जागी टेकला नाही तर खाच सरकली असं समज. दस्त्यावर गालाच्या हाडाच्या जागी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लाव, गालाला तो लागला पाहिजे. नजर माशीवर, काळा गोल धूसर दिसला तर दिसू दे. माशी चकाकत असेल तर घरूनच कापराच्या धुरावर धरून काळी करून आण, दारू टेबलावर आल्यावर कसलीही ज्योत नको. बंदूक हलणारच, साडेतीन-चार किलोचं ओझं आहे, हलणं छोटं होत जातं आणि मग परत वाढतं, जे काय करायचं ते त्या छोट्या भागात. सात-आठ सेकंदांत बार निघाला नाही तर खाली घे. खाली घ्यायला लाज वाटते, भरलेला बार वाया जातोय असं वाटतं, पण तो कुठे जात नाही. घोडा अर्ध्यावर, तोंड टार्गेटकडेच, दोन श्वास, परत.

आणि बार निघाल्यावरचं थांबणं. घोडा पडतो, केप फुटते, ज्वाला निपलच्या भोकातून आत जाते, दारू पेटते, आणि मग गोळी हळूहळूच निघते. हे सगळं डोळ्याच्या पापणीइतकंच पण एअर रायफलच्या सवयीच्या हाताला ते लांब आहे. चकमकीच्या बंदुकीत तर रंजक, म्हणजे बाहेरची चिमूटभर दारू, पेटून आत जायला लागणारा वेळ कानाला ऐकू येतो. जपानात १५४३ ला पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर तोडेदार, म्हणजे पेटत्या वातीने उडणारी, बंदूक आली, आजही तोडेदार बंदुकीने ५० मीटरवर उभ्याने मारायच्या स्पर्धेला तानेगाशिमा हेच नाव आहे. एकदा मित्राच्या तोडेदार बंदुकीने मी मारलं, आणि डोळ्याजवळ रंजक भडकत असताना मान न हलवता उभं राहणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. त्यानंतर केपाची बंदूक सोपी वाटायला लागली. तू एवढंच कर, चाप ओढल्यावर धूर विरून टार्गेट परत दिसेपर्यंत गाल उचलायचा नाही आणि माशी शेवटी कुठे होती ते घड्याळाच्या तबकडीवरच्या जागेप्रमाणे मोठ्याने बोलायचं, "सहा वाजता, जरा उजवीकडे." मग वहीत लिहायचं. महिन्याभरात तुझं बोलणं आणि कागदावरचं भोक जुळायला लागेल, आणि ज्या दिवशी जुळत नाही त्या दिवशी दोष भरण्यात शोधायचा.

दचकतोस का हे बघायला मित्राला भरून द्यायला सांग, कधी भरलेली, कधी केप न लावता, तुला न कळू देता. तू मात्र प्रत्येक वेळी भरलेलीच आहे असं धरून वाग. घोडा नुसता टक्‌ करून पडला आणि तोंड खाली गेलं तर तुला कळेल तीन आठवडे कशावर काम करायचंय. घरी रिकाम्या बंदुकीने सराव करताना निपलवर चामड्याची चकती ठेव, नाहीतर निपलचं तोंड चेपतं. आणि रेंजवर केप फुटून बार निघाला नाही तर पूर्ण एक मिनिट तोंड टार्गेटकडे धरून उभं राहायचं, दारू आत धुमसत असू शकते.

खाण्याचं एक. रविवारी सकाळी रेंजच्या आधी मित्रांबरोबर मिसळ आणि दोन चहा, हे मला माहितीय कसं असतं. पण तिखटाने आणि चहाने नाडी वाढते, आणि ती थेट माशीवर दिसते. पोहे खा, पाणी पी, मिसळ परत येताना. आणि उन्हाळ्यात सातला सुरू करून साडेनऊला बंद कर, तेवढ्यात तुझा कीट कोरडं पडण्याचा प्रश्न अर्धा सुटेल.

धुणं त्याच दिवशी, त्याच संध्याकाळी. गरम पाणी, भांड्याचा साबण, सडक्या अंड्यासारखा वास जाईपर्यंत, मग कोरडी कर, तेल लाव. पावसाळ्यात एक रात्र ठेवलीस तर सकाळी नळीत तांबूस पॅच निघतो, आणि गंजलेल्या नळीतून पुढे आयुष्यभर कापड फाटत राहतं. पुढच्या वेळी मारायच्या आधी ते तेल पुसून, नळी रिकामी असताना दोन केपा नुसत्या फोडून वाट मोकळी आहे का बघ, नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धर, पातं हललं पाहिजे.

५० मीटरचा विचार सध्या सोड. आतून गुळगुळीत नळी आहे, आटे नाहीत, गोळीला फिरकी मिळत नाही, २५ वर मुठीएवढा गठ्ठा आला तरी ५० वर तो दुपटीवर थांबत नाही, त्याहून जास्त पसरतो. २५ वर मुठीत दहा बसले की मला कळव.

येत्या रविवारी फक्त १३ बार काढ. प्रत्येकाआधी नळी पूस, दारूच्या १३ छोट्या नळ्या घरून मोजून भरून आण, वेळ लिही, पाच-पाच बारांनी कागद बघ. पडलेले पॅच क्रमाने पाकिटात घालून, पाकिटावर नंबर टाकून मला आणून दाखव. कागद नाही आणलास तरी चालेल, मला पॅच बघायचेत.